बारकीच्या पाण्याची रांग

त्या राज्यात पाणी भरपूर होते, पण रांगेत उभे राहिल्याशिवाय तिथे कुणाला तहान लागत नसे.

राज्याच्या मधोमध दरबाराचे थोरले तळे होते. त्याच्या काठावर दोन वाकवलेल्या बांबूंची एक खिडकी होती आणि खिडकीत दरबाराचा बगळा एका पायावर उभा असे. सूर्य उगवला की सगळे प्राणी खिडकीसमोर ओळीने उभे राहत. बगळा अर्धे डोळे मिटून बराच वेळ काहीही करत नसे. मग तो म्हणे, "पुढचा!" एक जण पुढे सरके, दोन घोट पिई, ठसकत ठसकत घरी जाई. पाणी गढूळ होते आणि वर हिरवट साय होती. पण तो एक शब्द कानावर पडला की प्राण्यांच्या अंगावर असा काही शहारा येई, की चवीकडे कुणाचे लक्षच जात नसे. म्हातारे ससे नातवंडांना सांगत, आमच्या वेळी रांग याहून मोठी होती.

याच राज्यात सगुणा नावाची एक साळुंकी राहत असे. तिचा धंदा गळ्याचा. ज्याच्याकडे लोकांना दाखवण्याजोगे काही आहे पण ओरडायला आवाज नाही, त्याच्यासाठी ती गाणे रची आणि रानभर गाऊन येई. साळिंदराने केस विंचरून देण्याचे दुकान काढले तेव्हा तिकडे कोण फिरकणार होते? सगुणाने असे गाणे लावले की अस्वले सकाळपासून ताटकळू लागली, आणि टकले गिधाडसुद्धा दोनदा जाऊन आले. गोगलगायीची तातडीची टपालसेवा तिनेच नावारूपाला आणली. हिरोजी पोपट तिचा भागीदार होता. त्याला स्वतःचे काही सुचत नसे, पण एकच गोष्ट तो चारशे वेळा न लाजता सांगू शके. धंद्यात याला फार महत्त्व असते, असे तो म्हणे, आणि हेही तो पुन्हा पुन्हा म्हणे.

एके दिवशी पाण्यावर भिरभिरणारा एक चतुर किडा त्यांच्याकडे निरोप घेऊन आला. डोंगराच्या पायथ्याशी, एकट्या पळसाखाली, बारकी नावाची झरी आहे. तिने बोलावले आहे. दोघे गेले. झरी होती मनगटाएवढीच, पण पाणी असे की पहिल्या घोटाला सगुणाला उगीचच हसू फुटले, आणि हिरोजीच्या तोंडून एक नवाकोरा शब्द निघाला, जो त्याने आधी कुणाकडून ऐकलेला नव्हता. तो स्वतःच दचकला.

"हसून झालं असेल तर एक सांगते," बारकी म्हणाली. "आम्हा झऱ्यांना वर्षाला शंभर तोंडं लागतात. तेवढी नाही लागली, तर दगडात परत जावं लागतं. मग कायमचंच. या वर्षी अकरा झाली. तुम्ही दोघं धरून तेरा."

"वर्ष संपतं कधी?" सगुणाने विचारले.

"वर बघ ना."

सगुणाने वर पाहिले. पळस लालभडक पेटलेला होता, पण खाली फुलांचा सडाही बराच पडला होता. "शेवटचं फूल गळलं की संपलं," बारकी म्हणाली. तिच्या आवाजात रडगाणे नव्हते, म्हणूनच सगुणाला ते जास्त लागले.

"शंभरच ना? अगं, शंभर तोंडं मी साळिंदराच्या काट्यांसमोर उभी केलीत. तू निश्चिंत वाहा!" सगुणा म्हणाली आणि काठच्या दगडावर चोच घासून तिने शब्द दिला. त्या राज्यात याहून पक्के काही नव्हते.

दुसऱ्याच दिवशी गाणे तयार झाले:

पळसाखाली गोड पाणी,
या रे, प्या रे पोटभर;
नाही खिडकी, नाही पाळी,
तहान आणा बरोबर!

दोन दिवसांत अख्खे रान ते गुणगुणू लागले. माकडे फांद्यांवर ठेका धरत, हत्तीण पिल्लांना झोपवताना तेच म्हणे, आणि बेडकांनी तर त्यात आणखी तीन कडवी घातली. झऱ्यावर मात्र कुणीही गेले नाही. सगुणाला कळेना. तिने एका सशाला गाठले. ससा शिस्तीचा, अंगाचा केसही वाकडा नसलेला.

"गाणं झकास आहे हो," ससा म्हणाला. "पण तिथं रांग केवढी असते?"

"रांग नाहीच! तेच तर सांगतेय गाण्यात."

सशाने मिश्या आवळल्या. "मग राहू दे. जिथं कुणीच उभं नाही, तिथलं पाणी आपण का म्हणून प्यायचं? उद्या पोट बिघडलं तर विचारायचं कुणाला?"

सगुणा घरट्यात येऊन धुसफुसत बसली. पळसाची फुले रोज गळत होती आणि आकडा तेराचा चौदा होत नव्हता. हिरोजीने बराच विचार केला, म्हणजे इतर कुणाचे तरी ऐकलेले आठवले. "आपल्याकडे दरबाराचा अनुभव नाही," तो म्हणाला. "दरबाराचा अनुभव पाहिजे. दरबाराचा अनुभव."

दरबारातून निवृत्त झालेले तिघे जण एका जुन्या पिंपळाखाली बसत आणि वाऱ्याला सूचना देत. बगळेसाहेबांनी तळ्याच्या खिडकीत तीस वर्षे काढली होती. कासवपंत शिक्क्याचे रखवालदार होते. शाई केव्हाच संपली होती, पण शिक्का अजून त्यांच्या गळ्यात लोंबत होता. आणि सरडेराव तीन सिंहांचे खास सल्लागार होते. तिन्ही सिंहांशी त्यांचे एकदाही मतभेद झाले नव्हते, आणि ते तिन्ही सिंह एकमेकांचे हाडवैरी होते.

सगुणाने आमंत्रण दिल्यावर होकार यायला तीन दिवस लागले, कारण होय आधी कुणी म्हणायचे हे ठरत नव्हते. पण आले, आणि काय थाटात आले! सगुणाच्या झाडावर हिरोजीने पाटी लावली: गोड गळा मंडळी, दरबारी अनुभवाच्या सल्लागारांसह. पाटी पाहूनच खालून जाणारे प्राणी शेपट्या सावरून चालू लागले. सगुणाच्या मनाने उचल खाल्ली. आता काम फत्ते, असे तिला वाटले.

सल्लागारांनी सर्वप्रथम गाणे तपासायला घेतले. कासवपंतांनी एकेक ओळ एकेका पानावर उतरवली आणि पाने तिघांत फिरू लागली. 'गोड' या शब्दाखाली रेघ आली. गोड कोणी ठरवले? आधार जोडावा. सगुणाने सांगितले, मी स्वतः प्यायले. त्यावर शेरा आला की अर्जदाराची स्वतःची जीभ पुरावा म्हणून धरता येत नाही. 'पोटभर' हे कुणाचे पोट? हत्तीचे की मुंगीचे? खुलासा व्हावा. सरडेराव प्रत्येक पान वाचून आधीच्या शेऱ्याच्या रंगाचे होत. कासवपंतांच्या पानावर ते मातकट झाले, बगळेसाहेबांच्या पानावर पांढरे, आणि सगुणा संतापून ओरडली तेव्हा तिच्या चोचीसारखे पिवळेधमक होऊन म्हणाले, "बाईंचंही बरोबर आहे."

आठव्या दिवशी गाणे मंजूर होऊन आले. हिरोजीने ते मोठ्याने वाचले: "पळसाच्या नजीक असलेले पाणी सर्वसाधारणपणे गोड असल्याचे समजते. तहान असल्यास ती सोबत आणण्यास हरकत नसावी."

सगुणा फांदीवर उलटी लटकून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आले, आणि ते पाणी नुसते हसण्याचे नव्हते. "पंत," ती सुलट होत म्हणाली, "पळसावर मूठभर फुलं उरलीत हो. हे गाणं ऐकून माशीसुद्धा यायची नाही."

"घाई करून कसं चालेल?" कासवपंत शांतपणे म्हणाले. "अजून स्थळपाहणी व्हायचीय."

स्थळपाहणीला बगळेसाहेब गेले. झऱ्यासमोर पोचले, पाण्याकडे पाहिले, आणि तीस वर्षांची सवय पायात उतरली. त्यांनी एक पाय वर घेतला, अर्धे डोळे मिटले आणि काहीही न करता उभे राहिले.

तेवढ्यात तोच शिस्तीचा ससा तिथून चालला होता. बगळा एका पायावर उभा दिसताच त्याचे कान टवकारले. इकडे तिकडे पाहून तो हळूच बगळेसाहेबांच्या मागे जाऊन उभा राहिला. सशाला पाहून मुंगूस थांबले. मुंगसामागे भेकर, भेकरामागे रानडुकरांचे अख्खे कुटुंब. "काय मिळतंय हो इथं?" असे शेवटचा पुढच्याला विचारी, पुढचा म्हणे, "कुणास ठाऊक, पण रांग चांगली आहे," आणि ऐकणारा समाधानाने मान हलवून उभा राही.

दुपारपर्यंत रांग डोंगराच्या कुशीला लागली. दुसऱ्या दिवशी ती वळली. रांगेत काय काय झाले म्हणून सांगावे! दोन खारींचे लग्न जमले आणि तिथल्या तिथे मोडले. माकडांनी जागा धरून देण्याचा धंदा सुरू केला, मग धरलेली जागा धरून देण्याचाही. अस्वल साळिंदराकडून उभ्या उभ्या विंचरून घेऊ लागले. थोरल्या तळ्यावरची रांग ओसरून इकडे आली, खिडकीतला नवा बगळा एकटा पडला, आणि तोही येऊन शिस्तीत मागे उभा राहिला. खुद्द सिंहाने आपली जागा राखायला कोल्हा पाठवला. सगुणा आनंदाने वेडी झाली. ती रांगेवरून इकडून तिकडे उडत राहिली, गिरक्या घेत राहिली, आणि हिरोजी मागून ओरडत राहिला, "दरबारी अनुभव! दरबारी अनुभव!"

संध्याकाळी ती बारकीपाशी आली. "किती झाली गं? शंभर की दोनशे?"

"तेरा," बारकी म्हणाली.

सगुणाने खाली पाहिले. रांगेच्या तोंडाशी बगळेसाहेब उभे होते. त्यांच्यापुढे चोचीएवढ्या अंतरावर पाणी खळाळत होते. कुणीच पीत नव्हते.

"साहेब, प्या ना!" सगुणा म्हणाली.

"मी पाहणीवर आहे," बगळेसाहेब डोळे न उघडता म्हणाले. "कामावर असताना पिता येत नाही."

"मग बाजूला तरी व्हा. ससा पिईल."

"पाहणी पुरी झाल्याशिवाय हलता येत नाही."

"मग नुसतं 'पुढचा' म्हणा. एवढं एक!"

"तो अधिकार," ते हळूच म्हणाले, "निवृत्तीच्या दिवशी काढून घेतला."

सगुणाने सशाची विनवणी केली. ससा तहानेने कासावीस झाला होता, जीभ बाहेर आली होती, पण त्याने तिच्याकडे असे पाहिले जणू तिने त्याला चोरी करायला सांगितले होते. "ओळ मोडू? मी?" तिने मुंगसाला सांगितले, भेकराला सांगितले. जो तो पुढच्याकडे बोट दाखवी, आणि सगळी बोटे शेवटी एका पांढऱ्या पाठीपाशी येऊन थांबत. सरडेराव त्या पाठीवर बसले होते आणि पांढरे झाले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी कासवपंत पोचले. एवढी रांग पाहून त्यांचे डोळे भरून आले. इतक्या जणांची सोय करायची तर आधी कचेरी हवी. त्यांनी चहूकडे पाहिले, एक बेताची उंच, गार, सपाट जागा पसंत केली आणि तिच्यावर बैठक मांडली. ती जागा नेमकी बारकीचे तोंड होती.

खळखळ थांबली.

"पंत, उठा!" सगुणा किंचाळली. "तुम्ही झऱ्यावर बसलात!"

"बसलेली कचेरी अशी उठवता येत नाही," कासवपंत म्हणाले आणि पान पुढे ओढले. "अर्ज करा."

सगुणा त्यांच्या पाठीवर चोच आपटत राहिली. पाठ दरबारातच मुरलेली होती. तिने वर पाहिले. पळसावर दोन फुले उरली होती. मी शब्द दिला, आणि मीच या तिघांना इथे आणले, असे तिच्या मनात आले आणि ती लाजेने अर्धी झाली. ती कासवपंतांच्या पायाशी कान लावून बसली. "बारके, आहेस का गं?"

दगडाच्या पोटातून, फार लांबून, गुदगुल्या झाल्यासारखा आवाज आला. "आहे गं. पुढून कोंडलं तर मागून निघतेय. पलीकडे एक फट सापडलीय. पण लवकर कर."

सगुणा उडाली. डोंगराला वळसा घालून रांग गेली होती, तिच्यावरून उडाली. अस्वले, माकडे, भेकरे, पाचव्यांदा जमलेले खारींचे लग्न, सगळे मागे पडत गेले. पलीकडच्या उतारावर रांगेचे शेपूट होते आणि शेपटाशी एक रेडा नुकताच येऊन उभा राहिला होता. त्याच्या मागच्या खुरापाशी, दगडाच्या फटीतून, मनगटाएवढे पाणी नाचत बाहेर पडत होते. रेड्याचे तोंड दुसरीकडे होते. सगळ्यांचीच तोंडे दुसरीकडे होती.

सगुणाने गाण्यासाठी चोच उघडली. मग मिटली. गाण्याचे काय होते, ते तिला आता ठाऊक होते.

ती फटीवरच्या दगडावर बसली. एक पाय वर घेतला. अर्धे डोळे मिटले. बराच वेळ तिने काहीही केले नाही. हे तिला आयुष्यात सर्वांत जड गेले, कारण वर पळसाचे एक फूल सुटले होते आणि ते डोंगरावरून भिरभिरत येताना तिला दिसत होते. मग तिने गळ्यातली सगळी गोडी बाजूला ठेवली, घसा कोरडा केला आणि म्हणाली, "पुढचा!"

रेडा गर्रकन फिरला. त्याच्या पुढचे अस्वल फिरले. तो शब्द डोंगराला वळसा घालून धावत गेला आणि त्याच्यामागे सगळी रांग, अंगावर शहारा घेऊन, जागच्या जागी उलटी झाली. शेपूट होते ते तोंड झाले. रेड्याने पाण्यात तोंड घातले, डोके वर काढले, आणि त्याला उगीचच हसू फुटले. हसणारा रेडा त्या राज्यात आजवर कुणी पाहिला नव्हता. पाहणारेही हसू लागले.

"पुढचा!"

चौदा झाली होती, पंधरा झाली. अस्वल पिऊन कोलांट्या मारत गेले. साळिंदर पिऊन आपल्याच काट्यांना गुदगुल्या करू लागले. खारी प्याल्या आणि त्यांचे लग्न अखेर लागले. सिंहाचा कोल्हा सिंहाच्या वाटचे पिऊन टाकून वर सिंहालाच नावे ठेवत निघून गेला. "पुढचा! पुढचा!" सगुणाचा पाय अवघडला, पंख शिवशिवले, पण ती हलली नाही. नव्व्याण्णवावे तोंड ठरला तो शिस्तीचा ससा. त्याने पहिला घोट घेतला आणि जन्मात प्रथमच त्याच्या अंगावरचा प्रत्येक केस वेगवेगळ्या दिशेला उभा राहिला. शंभरावा घोट, सवयीने सगळ्यांना पुढे सोडत शेवटी उरलेल्या, खिडकीतल्या नव्या बगळ्याने घेतला आणि पिऊन तो दोन्ही पायांवर उभा राहिला. त्यानंतर पळसाचे शेवटचे फूल अलगद सुटले. दगडाच्या पोटात बारकी अशी खदखदून हसली, की फट रुंदावली आणि पाणी मनगटाएवढे होते ते मांडीएवढे झाले.

डोंगराच्या अलीकडे बगळेसाहेब अजून कोरड्या दगडासमोर उभे होते, कारण पाहणी पुरी झाली नव्हती. परराज्यातले एक हरिण तिथून चालले होते. ते थबकले, आणि काही न विचारता त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले.

पलीकडे प्राणी दुसऱ्यांदा प्यायला परतत होते, नवे येत होते, आणि पुन्हा छान लांब रांग लागली होती. सगुणाचा आनंद तिच्यात मावत नव्हता. शब्द पाळला होता, बारकी वाचली होती. आता गायचे, कंठ फुटेपर्यंत गायचे. तिने पंख उघडले, वर घेतलेला पाय खाली टेकला आणि पहिला सूर लावला.

रांग जागच्या जागी थिजली. पाण्याशी वाकलेल्या भेकराने तोंड मागे घेतले. सगळे कान टवकारून, घाबरून, तिच्या टेकलेल्या पायाकडे पाहत राहिले. पाणी एकटेच वाहून जाऊ लागले.

सगुणाने सूर गिळला. पंख मिटले. हळूहळू पाय पुन्हा वर घेतला, आणि डोळे अर्धे मिटले.

"पुढचा!"